‘लेकीला रोबोटिक सर्जनच करायचंय’

तुमच्या चार पानी पत्रातली साडेतीन पानं तुमच्याच ऑपरेशनची आहेत. यकृताच्या सातव्या भागातली गाठ, पहिल्या डॉक्टरांचं ‘पोट मोठं उघडावं लागेल’, मग ती रोबोटने निघाली आणि पाचव्या दिवशी तुम्ही घरी. वाचून बरं वाटलं. पण घरी आल्यावर त्या सर्जनचा फोटो तुम्ही लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलात, तिथे मी थबकलो. अहो, अकरावीतली पोर आहे ती! तुमच्यावरचे उपकार तिने का फेडायचे?

‘रोबोटिक्सचं इंजिनिअरिंग केलं तर लवकर रोबोटिक सर्जन होता येईल ना?’ असं विचारलंत. नाही. रोबोट आपणहून काहीच कापत नाही, कन्सोलवर, म्हणजे त्याच्या कंट्रोलसमोर बसलेला सर्जन त्याचे हात चालवतो. सातवा-आठवा भाग म्हणजे यकृताचा मागचा, वरचा कोपरा. वर श्वासपटल, भोवती बरगड्या, लगत शरीरातली मोठी शीर. दुर्बिणीच्या ऑपरेशनची सरळ हत्यारं तिथे नीट पोचत नाहीत. रोबोटचं मनगट वळतं, हा फायदा खरा. पण पेशंटला डाव्या कुशीवर घेऊन अख्खं उजवं यकृत सोडवून पुढे आणणं सर्जनलाच जमावं लागतं. शीर फाटली तर झटकन पोट उघडून रक्त थांबवता आलं पाहिजे, आणि तो हात उघडी ऑपरेशनं करूनच बसतो.

रस्ता नेहमीचाच: ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा, इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, सर्जरीतलं एमएस तीन, त्यापुढचं खास विषयातलं एमसीएच तीन. मधल्या प्रवेश परीक्षा आणि सक्तीच्या सेवेचे बॉण्ड वेगळे.

आता उरलेलं अर्धं पान. तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: ‘बाबांच्या सीटीवरून केलेलं रंगीत यकृत मला आवडलं. ते कोण बनवतं?’ पाकीट बंद करण्याआधी तुम्ही ही वाचलीत का? मला तरी पत्रातला खरा प्रश्न हाच वाटतो. सीटीच्या शेकडो कापांतून सॉफ्टवेअरवर गाठ आणि शिरा वेगवेगळ्या रंगवतात, कापल्यावर यकृत किती उरेल ते मोजतात. सर्जन त्यावरून बेत आखतो. त्यातल्या रेडिओलॉजीला, म्हणजे सीटीसारख्या तपासण्या वाचणारा डॉक्टर व्हायला, एमबीबीएस लागतं. सॉफ्टवेअरच्या बाजूला बायोमेडिकल इंजिनिअरिंगमधूनही जाता येतं. मुंबई विद्यापीठाच्या काही कॉलेजांत ती पदवी आहे.

तिचे बायोलॉजीचे मार्क तुम्ही दोनदा लिहिलेत, गणिताचं नावही नाही. सोडायला लावलं असेल, तर परत घेता येतं का ते उद्याच कॉलेजात जाऊन विचारा. पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि तो फोटो काढा.