जुने डिजिटल ऑफसेट मशीन घ्यावे का?

प्रश्न : सांगलीत आमचा वडिलोपार्जित छापखाना असून एका दोनरंगी ऑफसेट मशीनवर तो चालतो. गेल्या काही वर्षांत दोनशे-तीनशे प्रतींची पुस्तके, स्मरणिका, प्रमाणपत्रे आणि रंगीत पत्रिका अशी लहान कामे वाढली आहेत; त्यांत प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्चसुद्धा निघत नाही. मुंबईतील एका विक्रेत्याने एचपी इंडिगो ५५०० हे वापरलेले डिजिटल ऑफसेट मशीन नव्याच्या मानाने फारच कमी किमतीत देऊ केले आहे. त्यासाठी कर्ज काढावे लागेल. मुलगा आग्रही आहे, माझे मन धजत नाही. निर्णय कसा करावा?
— एक मुद्रक, सांगली

उत्तर : प्रथम एक घोळ दूर करतो, कारण बाजारात ‘डिजिटल ऑफसेट’ म्हणून दोन अगदी वेगळी यंत्रे विकली जातात. हायडेलबर्गच्या क्विकमास्टर डीआयसारख्या यंत्रात लेसरने मशीनवरच प्लेट तयार होते आणि पाण्याविना छपाई होते. पण एकदा प्लेट झाली की सगळ्या प्रती सारख्याच निघतात. त्या यंत्राचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, त्यामुळे ते कोणी फुकटात दिले तरी मी नको म्हणेन. आपल्याला देऊ केलेले इंडिगो वेगळे आहे. इस्रायलच्या बेनी लांडा यांच्या कंपनीने १९९३ मध्ये या जातीचे पहिले मशीन बाजारात आणले आणि २००२ मध्ये ती कंपनी एचपीकडे गेली. यात द्रवरूप शाईची प्रतिमा दर फेऱ्याला नव्याने तयार होते, तापलेल्या ब्लँकेटवर, म्हणजे सिलिंडरवरच्या रबरी आवरणावर, येते आणि तिथून कागदावर उतरते. ब्लँकेटमुळे त्याला ऑफसेट म्हणायचे, आणि प्रतिमा दर वेळी नवी असल्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्रावर वेगळे नाव छापता येते.

आपण किमतीचा उल्लेख केला आहे, पण माझ्या मते या व्यवहारात किंमत हा सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. ऑफसेट मशीन जुने झाले तरी रोलर, ग्रिपर, बेअरिंग गावातला फिटर पाहू शकतो. आपण आजवर तसेच निभावले असणार. इंडिगोची शाई, ब्लँकेट, प्रतिमा जिच्यावर तयार होते ती प्लेट, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर यांसाठी मात्र कंपनीकडेच पाहावे लागते. म्हणून इसार देण्यापूर्वी मशीनचा अनुक्रमांक कळवून कंपनीला लेखी विचारावे : या मशीनचा सेवा-करार माझ्या नावे होईल का, त्याआधीच्या तपासणीचा खर्च किती, सुटे भाग आणखी किती वर्षे मिळतील आणि सांगलीला इंजिनिअर किती तासांत पोहोचेल. लेखी होकार आला नाही, तर हा विषय तिथेच सोडून द्यावा. हे मी पोळलेल्या हाताने लिहीत आहे. एका विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर मी असेच एक जुने मशीन घेतले होते आणि ऐन लग्नसराईत ते एका सुट्या भागासाठी तीन आठवडे बंद राहिले. तेव्हा तुटलेली गिऱ्हाइके पुन्हा फिरकली नाहीत.

आता कामाचा हिशेब पाहू. समजा कर्जाचा हप्ता, सेवा-करार, वीज, वातानुकूलन आणि चालकाचा पगार मिळून महिन्याला १,२०,००० रुपये ठरलेला खर्च आहे, आणि कागद-शाई वजा जाता चाररंगी शीटच्या एका बाजूमागे ६ रुपये उरतात. म्हणजे महिन्याला २०,००० बाजू, २५ दिवस धरले तर रोज ८०० बाजू छापल्यावर आपण ना नफा ना तोट्यावर येतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपले आपण घालावेत. ५५०० हे मशीन मिनिटाला ए-४ आकाराची ६८ रंगीत पाने छापते, म्हणजे एका मोठ्या शीटवर अशी दोन पाने धरता तासाला सुमारे दोन हजार बाजू. रोजच्या ८०० बाजूंना त्याला अर्धा तासही लागणार नाही. तेव्हा मशीनची क्षमता पुरेल का, ही चिंता नको. सांगलीत रोज एवढे रंगीत काम येते का, हे पाहावे. दोनशे प्रतींच्या पुस्तकांचा आधार धरू नये, कारण त्यांचा आतला मजकूर काळ्या शाईत असतो आणि तो टोनरच्या साध्या काळ्या मशीनवर अधिक स्वस्तात निघतो.

मुलाचा उत्साह मोडू नये. पुढचे सहा महिने सगळी लहान रंगीत कामे त्याने घ्यावीत, पुण्या-कोल्हापुरातून डिजिटलवर छापून आणावीत आणि किती बाजू झाल्या, किती उरले, याची वही ठेवावी. हे मशीन हातचे गेले तरी जुनी मशीने बाजारात पुन्हा येतात.

वहीतले आकडे जमले, तर मशीन गोदामात पाहू नये. जिथे ते रोज चालते तिथे जाऊन पाहावे, कारण फार दिवस बंद पडलेल्या इंडिगोत शाई वाळून बसते. काउंटर वाचताना लक्षात ठेवावे की प्रत्येक रंगाचे इम्प्रेशन, म्हणजे छाप, वेगळे मोजले जाते. ४ कोटींचा आकडा म्हणजे चाररंगी कामाच्या १ कोटी बाजू. विक्रेता कोणता आकडा सांगतो आहे, ते स्पष्ट विचारावे. आपला कागद आणि आपल्या फाइल सोबत न्याव्यात. फिक्या निळ्या सपाट रंगाच्या तीनशे शीट काढून पट्टे दिसतात का, आधीच्या चित्राची सावली उमटते का, पाठपोट जुळते का, हे पाहावे. दहा मिनिटांनी छपाईवर चिकटपट्टी दाबून उचलावी. विशेष लेप नसलेल्या कागदावरून या शाईचे पोपडे निघू शकतात, आणि तसा लेप दिलेला कागद महाग पडतो. नावे बदलत जाणारी एक मराठी फाइलही चालवावी, कारण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमधील जोडाक्षरे तुटतात.

सगळे मनासारखे झाले तरी पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. वाहतूक, उभारणी आणि कंपनीची तपासणी कोणाच्या खर्चाने, हे करारात लिहून घ्यावे, आणि किमान चौथा हिस्सा मशीन आपल्या छापखान्यात महिनाभर नीट चालल्यावरच द्यावा.