तिला कुठल्या दिवशी नको वाटलं, ते विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बहीण बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष करून चवथीला घरी आली आणि आता परत जायचं नाही म्हणून बसली आहे. फिजिओलॉजीचा, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं त्याचा, पेपर राहिला आहे. तिच्या वर्गातल्या आणखी काही जणींनीही सोडलं. वडील म्हणतात, झेपत नसेल. तुम्ही विचारता, या मुली इतक्या लवकर का सोडतात?

मी 29 वर्षं या कामात काढली, आधी वॉर्डात, मग विद्यार्थिनींना शिकवण्यात. झेपत नाही म्हणून सोडलं असं म्हणताना माझी तरी जीभ अडखळते. बारावी सायन्स करून आलेली मुलगी अभ्यासाला सहसा भीत नाही. अभ्यास जड आहे, हे खरं. पहिल्याच सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिओलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन एकदम अंगावर येतात. पास व्हायला थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे 50 टक्के लागतात. हजेरी 80 टक्के नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि डिग्री मिळायच्या आधी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, हजेरी 100 टक्के भरावी लागते. ताप येवो, घरात कुणी जावो, चवथीला एक दिवस जास्त राहणं होवो, बुडलेले तास भरून द्यावेच लागतात. बी.कॉम.ला गेलेल्या तिच्या मैत्रिणीला हे सांगून कळायचं नाही. घरच्यांनाही बहुतेक वेळा कळत नाही. मुलगी शनिवारी येते आणि रविवारभर झोपते, म्हणून आई चिडते. ती झोपते, कारण आठवडाभर सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर आणि रात्री पेशंटच्या देखभालीचे केअर प्लॅन लिहिणं चाललेलं असतं.

पण एवढ्यावर मुली सोडत नाहीत. सोडतात त्या एखाद्या दिवसामुळे. असा एक दिवस मला ठाऊक आहे, तो सांगते.

सत्तरी तालुक्यातली एक मुलगी होती, अठरा वर्षांची. पहिलीच पोस्टिंग, मेडिकल वॉर्ड. चादरीचा कोपरा इतका नेटका दुमडायची की मी इतर मुलींना तिची खाट दाखवायचे. त्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाबांना ती चार दिवस चमच्याने पेज भरवत होती. तिच्याशिवाय ते तोंड उघडत नसत. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले. वॉर्डात तेव्हा दोनच सिस्टर आणि एकामागून एक नवे पेशंट येत होते. एकीने हिच्या हातात कापूस आणि बँडेज दिलं, पडदा ओढला आणि म्हणाली, आटपून घे. डोळ्यांवर ओला कापूस ठेवायचा, हनुवटी बांधायची, पायांचे अंगठे एकत्र बांधायचे, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. पडद्याआड तिने ते सगळं एकटीने केलं. आदल्या दिवशीची पेज त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवर सुकलेली होती, तीही तिने पुसून काढली. मग ड्रेसिंगचा ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे गेली आणि दुपारी लेक्चरला बसली.

आठ दिवसांनी तिने येणं बंद केलं. फॉर्मवर कारण लिहिलं होतं, ‘घरगुती अडचण’. मी तिची इन्स्ट्रक्टर होते आणि त्या सकाळी दुसऱ्या वॉर्डात दुसऱ्या बॅचबरोबर होते. संध्याकाळी तिला भेटून दोन शब्द बोलायला हवे होते. नाही बोलले. ही चूक मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर मी एक नेम केला. पोस्टिंग संपली की मुलींना पॅन्ट्रीत बसवायचं, चहा द्यायचा आणि आज काय बघितलं ते सांगायला लावायचं, पंधरा मिनिटं. पहिल्या वर्षाच्या मुलीबरोबर तिसऱ्या वर्षाची एक द्यायची. रडणाऱ्या मुली तेवढ्याच राहिल्या, पण त्या दुसऱ्या दिवशी परत येत होत्या.

बाकीची कारणंही आहेत. कुणी डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून नर्सिंग घेतलेलं असतं आणि मन तिथेच अडकलेलं असतं. खाजगी कॉलेजची फी घराला पेलत नाही. मुलगे बोटीवर नोकरीला जायची संधी आली की निघतात. काणकोण किंवा पेडण्याहून रोज कदंबच्या बसने ये-जा करणाऱ्या मुलीची अर्धी ताकद बसमध्येच संपते. तिला हॉस्टेल मिळालं, तर निम्मा प्रश्न सुटतो.

आता तुमच्या बहिणीचं. ‘का सोडतेस’ असं विचारू नका, त्याला तिच्याकडे धड उत्तर नसेल. नको वाटलं तो दिवस कुठला, ते विचारा आणि ती बोलत असताना वडिलांना मध्ये बोलू देऊ नका. एखादा मृत्यू असेल, सर्वांसमोर खाल्लेली बोलणी असतील, रात्री पेशंटच्या कुणा नातेवाइकाने केलेलं वाईट वागणं असेल. शेवटचं असेल तर त्याची लेखी तक्रार व्हायला हवी आणि तेव्हा तुम्ही तिच्याबरोबर जायला हवं.

फिजिओलॉजी राहिली याचं ओझं घेऊ नका. कोर्स 4 वर्षांचा असला तरी तो पूर्ण करायला 8 वर्षांपर्यंत मुदत असते. मात्र घरी बसलेल्या प्रत्येक दिवसाची हजेरी कापली जाते, म्हणून याच आठवड्यात तिच्या क्लास को-ऑर्डिनेटर मॅडमना दोघं जाऊन भेटा.

आणखी एक विचारा. एखाद्या पेशंटने तिला नावाने हाक मारली होती का? गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, सिंधुदुर्गातून आलेली माणसं असतात, कारवारकडची असतात. मालवणी किंवा कोकणीत ‘बरें मगो आता?’ असं विचारणारी मुलगी त्यांना घरची वाटते. त्या आठवणीने तिचा चेहरा उजळला, तर मुलगी या कामाची आहे, तिला फक्त सोबत हवी आहे. पण माणसाच्या अंगाला हात लावायचीच तिला शिसारी येत असेल, तर आत्ताच सोडू द्या आणि भरलेल्या फीचं नाव घरात काढू नका.

ती काय म्हणाली ते कळवा. फिजिओलॉजीसाठी मदत हवी असेल तर मी फोंड्याला असते, रविवारी तिला घेऊन या.