वाचकांचे प्रश्न : लोकलहोस्ट नेमका कोणाचा?

प्रश्न : एका वेब ॲप्लिकेशनच्या कामात मी नुकताच सहभागी झालो आहे. डॉकर कंपोजने (अनेक कंटेनर एकत्र सुरू करणारे साधन) ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस असे दोन्ही कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणारे कप्पे, सुरू होतात, तरीही ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ अशी त्रुटी येते. डेटाबेसचा पत्ता सहकाऱ्याकडे आणि माझ्याकडे सारखाच आहे : लोकलहोस्ट, पोर्ट ५४३२. त्याच्याकडे सगळे चालते. मी पासवर्डही बदलून पाहिला. चूक कुठे असावी?

उत्तर : पत्ता सारखाच असणे, हीच अडचण आहे. लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, हा ज्याने उच्चारला त्याचा स्वतःचा पत्ता असतो. तुमचे ॲप्लिकेशन कंटेनरच्या आत चालत असल्यामुळे ते स्वतःच्याच कंटेनरमध्ये ५४३२ वर पोस्टग्रेस शोधते आणि तिथे ऐकणारे कोणीच नसल्याने जोडणी नाकारली जाते. सहकाऱ्याने बहुधा फक्त डेटाबेस कंटेनरमध्ये ठेवून ॲप्लिकेशन थेट संगणकावर चालवले असावे. त्या परिस्थितीत लोकलहोस्ट अगदी बरोबर ठरतो. त्याला एवढे एकदा विचारून घ्या. नव्या माणसाचे पहिले दोन दिवस याच त्रुटीत गेलेले मी अनेकदा पाहिले आहेत आणि त्यात दोष त्याचा क्वचितच असतो.

उपाय सोपा आहे. कंपोज फाइलमधील सेवा, म्हणजे तिच्यात नोंदवलेले कंटेनर, एकाच नेटवर्कवर असतात आणि एकमेकींना सेवेच्या नावाने ओळखतात, म्हणून डेटाबेसच्या सेवेचे नाव ‘डीबी’ असे दिलेले असेल, तर पत्त्यात लोकलहोस्टच्या जागी तेच लिहावे. पोर्टच्या ओळीत ‘५४३३:५४३२’ असे काही दिसले तरी गोंधळून जाऊ नका. डावा आकडा तुमच्या संगणकासाठी आहे, कंटेनर आपापसात बोलताना उजवाच वापरतात.

आता पासवर्डविषयी, कारण होस्ट दुरुस्त होताच पुढची त्रुटी इथेच येण्याची शक्यता आहे. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा) पर्यावरण-चलातील, म्हणजे फाइलमधून कंटेनरला दिलेल्या मूल्यातील, पासवर्ड फक्त डेटाची जागा रिकामी असताना, म्हणजे पहिल्याच वेळी, वाचते. व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर गेला तरी डेटा टिकवणाऱ्या जागेत, जुना डेटा असेल, तर फाइलमधला पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी डेटाबेस जुनाच मागत राहतो. जुना पासवर्ड परत लिहा, किंवा डेटाबेसमध्ये शिरून तो बदला. कंटेनर बंद करणाऱ्या ‘डाउन’ या कंपोजच्या आदेशाला ‘व्ही’ हा पर्याय जोडून व्हॉल्यूम पुसणे हा तिसरा मार्ग झाला, पण त्याने सगळा डेटा जातो. आत चाचणीपुरत्या नोंदी आहेत याची खात्री असेल, तरच तो वापरावा.

एवढे करूनही पहिल्या सुरुवातीला त्रुटी येऊन दुसऱ्या वेळी ती नाहीशी होत असेल, तर कंपोज फाइलमधली ‘डिपेंड्स ऑन’ची ओळ तपासा. साध्या रूपात ती फक्त सुरू करण्याचा क्रम ठरवते, डेटाबेस तयार होईपर्यंत थांबत नाही. त्यासाठी डेटाबेसच्या सेवेला ‘पीजी इजरेडी’ची (पोस्टग्रेस जोडणी घ्यायला तयार आहे का ते पाहणारा आदेश) हेल्थचेक, म्हणजे तयारीची तपासणी, जोडून ॲप्लिकेशनच्या ‘डिपेंड्स ऑन’मध्ये ‘सर्व्हिस हेल्दी’ ही अट घालावी लागते.