अंगठी अडकते आणि एएनए पॉझिटिव्ह

प्रश्न : मी ४३ वर्षांची, नाशिकला पोळीभाजी केंद्र चालवते. दोन हिवाळे झाले, फ्रिजमधली कणीक काढली की बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. हल्ली बोटं सुजलेलीच असतात, अंगठी निघत नाही. एएनए या रक्ततपासणीत १:६४०, सेंट्रोमिअर पॅटर्न आलाय. भाचा म्हणतो, ८० पर्यंत नॉर्मल, तुझं आठपट! मला स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी घट्ट होत जाणारा आजार, आहे का? महिन्याने परत टेस्ट करू?

उत्तर : भाच्याला सांगा, ही साखर नव्हे. रक्तातला सीरम ६४० पट पातळ केला तरी स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडी दिसल्या, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आजार किती वाढला ते त्यावरून ठरत नाही, तेव्हा परत पैसे घालू नका. १:८० तर धडधाकट माणसांतही शंभरात दहा-बारा जणांचं निघतं. नुसतं अंग दुखतं म्हणून ही टेस्ट करून घाबरलेले कितीतरी जण माझ्याकडे येतात.

तुमचं तसं नाही. आकड्यापेक्षा मला ‘सेंट्रोमिअर’ हा शब्द, म्हणजे अँटिबॉडीचा प्रकार, महत्त्वाचा वाटतो, आणि त्याहून तुमची अंगठी. २०१३च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ९ गुण झाले की स्क्लेरोडर्मा धरतात. बोटांचे रंग बदलण्याचे ३, या अँटिबॉडीचे ३, सुजलेल्या बोटांचे २. झाले आठ. एका गुणावर अडलंय! नखांच्या मुळाशी केशवाहिन्या फुगल्या-तुटल्या असतील तर आणखी २ मिळतात. ते कातडी मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखालीही दिसतं, सुई लागत नाही. नेलपॉलिश मात्र काढून जा.

सेंट्रोमिअर असलेल्यांची कातडी बहुधा बोटं, हात, चेहरा एवढ्यावरच आणि सावकाश घट्ट होते. एससीएल-७० ही दुसरी अँटिबॉडी निघाली असती तर फुफ्फुसांची धास्ती मला जास्त वाटली असती. तरी तुमच्या प्रकारात पुढे कधीतरी फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढू शकतो. म्हणून निदान पक्कं झालं की टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि पीएफटी (फुफ्फुसांच्या क्षमतेची तपासणी) करून ठेवा, मग दरवर्षी. बाकी तपासण्या संधिवाततज्ज्ञ ठरवतील. सुजेवर कुणी स्टिरॉइड देऊ केलं, तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या मात्रेने या आजारात किडनीला अचानक धोका होऊ शकतो.

मशेरी लावता का? रागावू नका, विचारावंच लागतं. तंबाखूने बोटांतल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. अंगठी साबण लावून आजच काढा. आणि कणीक फ्रिजमधून दुसऱ्या कुणाला काढू द्या.