वाडी कोणाच्या दफ्तरात? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात वाड्या-वस्त्यांवरून आलेली पत्रं सर्वांत जास्त होती. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमची वाडी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. सातबाऱ्यावर एका गावाचं नाव, घरपट्टी दुसऱ्या गावच्या ग्रामपंचायतीत, आणि पोस्ट तिसऱ्याच गावचं. मुलीच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना गावांच्या यादीत आमच्या वाडीचं नावच सापडलं नाही. आमचं गाव कोणतं लिहायचं? – एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : तिन्ही नावं बरोबर आहेत. ती तीन वेगवेगळ्या खात्यांची आहेत, एवढाच घोळ आहे.

सातबाऱ्यावरचं नाव महसुली गावाचं. जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ज्याला स्वतःचं शिवार, स्वतःचा गाव नकाशा आणि स्वतःचे गट क्रमांक आहेत ते महसुली गाव; कागदोपत्री ‘मौजे’ लिहितात ते हेच. वाडी ही त्या शिवारात वसलेली घरं. तिला कोकणात वाडी किंवा कोंड म्हणतात, पालघर-नाशिककडे पाडा, गोंदिया-गडचिरोलीत टोला, यवतमाळकडे कोलामांचा पोड, बंजारा वस्ती असेल तर तांडा. नाव काहीही असो, स्वतंत्र अधिसूचना निघाली नसेल तर महसूल दफ्तरात तिचं वेगळं खातं नसतं.

घरपट्टीच्या पावतीवरचं नाव ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४ प्रमाणे एका महसुली गावाची ग्रामपंचायत होऊ शकते, तशी अनेक गावं-वाड्या मिळून एकही होते. तीच गट ग्रामपंचायत. राज्यात महसुली गावं चाळीस हजारांहून जास्त आणि ग्रामपंचायती सुमारे २८ हजार, तेव्हा तुमच्यासारखी स्थिती हजारो वाड्यांची आहे. पोस्टाचं नाव मात्र ज्या कार्यालयातून टपाल वाटलं जातं त्याचं. पिनकोडवरून ग्रामपंचायत किंवा तालुका ठरत नाही. पत्त्यातला ‘मु.’ म्हणजे राहण्याचं ठिकाण, ‘पो.’ म्हणजे पोस्ट. ही दोन ठिकाणं वेगळी असतील तर ‘मु.पो.’ असं जोडून लिहू नका.

ऑनलाइन अर्जातली यादी बहुतेक ठिकाणी महसुली गावांची असते. वाडीतल्या कोणत्याही शेताचा ताजा डिजिटल सातबारा काढा. वरच्या ओळीत गावाच्या नावासोबत सहा आकडी संकेतांक छापलेला दिसेल. यादीत तेच गाव निवडायचं आणि वाडीचं नाव पत्त्याच्या ओळीत लिहायचं. एका नावाची दोन गावं एका तालुक्यात असली तरी संकेतांक वेगळा असतो, म्हणून नावापेक्षा त्यावर भरवसा ठेवा.

आधारवर ‘गाव’ म्हणून वाडीचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर मूळ गावाचं, असं असलं की पडताळणीत अर्ज परत येतो. ग्रामपंचायतीकडून एका ओळीचा दाखला घ्या : ‘अमुक वाडी ही मौजे तमुक या महसुली गावाच्या हद्दीत असून या ग्रामपंचायतीच्या कार्यक्षेत्रात आहे.’ दोन्ही नावं एकाच वाक्यात हवीत. नुसता ‘रहिवासी आहे’ असा दाखला इथे उपयोगी पडत नाही.

काम कोणाकडे, हेही यावरूनच ठरतं. सातबारा, फेरफार, पिकांचा पंचनामा तलाठ्याकडे. २०२४ पासून त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे. घरपट्टी, पाणी, दिवाबत्ती, जन्म-मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे. तलाठ्याच्या एका सजात, म्हणजे कार्यक्षेत्रात, अनेक गावं येतात, त्यामुळे त्याचं कार्यालय चौथ्याच गावात असू शकतं. अर्ज चुकीच्या दारात पडला की कोणी तो पुढे पाठवत नाही, आणि पावसाळे जातात.

प्रश्न : आमचं गाव ‘खुर्द’, शेजारचं ‘बुद्रुक’. आम्ही त्यांच्या हाताखाली येतो का? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नाही. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकलं; दोन्ही शब्द फारसीतून आले. नाव ठेवलं त्या काळच्या वस्तीवरून ते पडलं. आज कित्येक खुर्द गावं बुद्रुकपेक्षा मोठी आहेत. महसूल दफ्तरात दोन्ही स्वतंत्र गावं असतात. ग्रामपंचायत एकत्र आहे की वेगळी, एवढंच पाहा.

प्रश्न : गट ग्रामपंचायतीत आमची वाडी ४० उंबऱ्यांची. सगळा निधी मूळ गावात जातो. ग्रामसभेत दरवर्षी रस्ता मागतो, ‘ठराव घेतला’ म्हणतात, पुढे काही होत नाही. काय करावं? – वाडीतील ग्रामस्थ, जि. कोल्हापूर

उत्तर : ठराव झाला म्हणजे काम मंजूर झालं, असं नसतं. तीन ठिकाणी तपासा.

आधी वेळ. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन हिवाळ्यात बनतो. मे महिन्यात मागितलेला रस्ता त्या वर्षीच्या आराखड्यात बसणं अवघड. आपल्या प्रभागातल्या सदस्याला ग्रामसभेच्या आधी प्रभागातल्या मतदारांची सभा घ्यायला लावा आणि वाडीची मागणी तिथून लेखी पाठवा.

मग ग्रामसभा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढे मतदार हजर लागतात. गणपूर्ती न झाल्याने सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला ती अट नसते. वाडीचे लोक पहिल्या सभेला येतात, सभा तहकूब होते, दुसऱ्या सभेला कोणी फिरकत नाही आणि नेमके तिथेच सगळे विषय मंजूर होतात. आमच्या मते वाड्यांचं सर्वांत मोठं नुकसान याच ठिकाणी होतं. तहकूब सभेची तारीख लिहून घ्या आणि माणसं त्या दिवसासाठी राखा. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी होते. पाण्याचा किंवा शौचालयाचा विषय आधी तिथे मांडून घ्या, मग तो मुख्य सभेत डावलणं कठीण जातं.

आणि तिसरी गोष्ट ठरावाचे शब्द. ‘वाडीत रस्ता करावा’ या ठरावावर अंदाजपत्रक बनत नाही. असं लिहून घ्या : ‘मौजे अमुक येथील शाळेपासून तमुक वाडीतील सार्वजनिक विहिरीपर्यंत, लांबी ६०० मीटर, रस्ता खडीकरण.’ कुठून, कुठे, किती, कसलं काम हे चारही हवं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, बाकी ४० टक्के मोकळी. म्हणून रस्त्यापेक्षा नळ किंवा गटार मागणाऱ्या वाडीचं काम लवकर मार्गी लागलेलं दिसतं. रस्ता आणि गटार एकाच ओळीत मागू नका, दोन ठराव करा.

इतकं करूनही काम अडलं, तर कारण बहुधा जमिनीत असतं. ग्रामपंचायतीत ‘नमुना २३’ नावाची रस्त्यांची नोंदवही असते. तुमचा रस्ता तिच्यात आहे का, ते बघा. नसेल तर तो कागदावर कोणाच्या तरी शेतातून जातो, आणि खासगी जागेवर सरकारी पैसा टाकता येत नाही. अशा वेळी जागामालकाचं लेखी संमतीपत्र किंवा नोंदणीकृत बक्षीसपत्र आधी लागेल.

वहीची किंवा ठरावाची नक्कल देत नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज द्या. उत्तराची मुदत ३० दिवस, नकलेला पानाला २ रुपये. अर्जात ‘ठरावाची माहिती द्यावी’ असं न लिहिता सभेची तारीख टाकून ‘इतिवृत्त वहीच्या पानांची साक्षांकित प्रत’ मागा.

प्रश्न : वाडीची स्वतंत्र ग्रामपंचायत करून घ्यावी, असं तरुणांचं म्हणणं आहे. किती लोकसंख्या लागते? – एक वाचक, जि. बीड

उत्तर : राज्याच्या निकषांत सर्वसाधारण भागात २००० आणि आदिवासी भागात १००० लोकसंख्या धरली आहे. शिवाय मूळ गावापासूनचं अंतर आणि ग्रामपंचायतीचं उत्पन्न हेही पाहतात. प्रस्ताव ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असा पायऱ्यांनी वर जातो आणि शेवटी अधिसूचना निघते.

पण आधी वहीत हिशेब मांडा. नव्या ग्रामपंचायतीला वाडीच्याच घरपट्टीतून शिपाई, पाणीपुरवठ्याचं वीजबिल आणि दिवाबत्ती भागवावी लागते. दीडशे घरांची पट्टी धरा, त्यातून पाण्याच्या मोटारीचं बारा महिन्यांचं बिल वजा करा. काय उरतं ते पाहून ठरवा. सदस्य कमीत कमी ७ निवडावे लागतात आणि आरक्षणही पाळावं लागतं. पाण्याची टाकी वाडीत आणि विहीर मूळ गावात असेल, तर विभाजनानंतर पाण्यावरूनच भांडण लागतं. त्यामुळे टाकी, विहीर, शाळा, स्मशानभूमी कोणाकडे जाणार, ते प्रस्तावातच लिहा.

पुष्कळ वाड्यांना खरं तर स्वतंत्र महसुली गाव हवं असतं आणि त्या मागतात ग्रामपंचायत. महसुली गाव झालं की वेगळा नकाशा, वेगळे सातबारे आणि ऑनलाइन यादीत स्वतःचं नाव मिळतं; ग्रामपंचायत तीच राहू शकते. हा प्रस्ताव तहसीलदारामार्फत महसूल खात्याकडे जातो. आधी प्रारूप अधिसूचना निघते आणि हरकती मागवतात. सर्वांत जास्त हरकती येतात त्या हद्दीवर, कारण वाडीतल्या माणसांची शेती मूळ गावाच्या शिवारात आणि तिकडच्यांची इकडे असते. कोणते गट क्रमांक कुठे जाणार, त्याची यादी दोन्हीकडच्या खातेदारांना बसवून आधी करा. ती नसलेला प्रस्ताव मोजणीच्या टप्प्यावर अडकून पडतो.

प्रश्न : घर ‘नमुना ८’ वर आमच्या नावाने आहे. तरी बँक कर्ज देत नाही. – एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर : नमुना ८ ही कर आकारणीची यादी आहे. ग्रामपंचायत घरपट्टी कोणाकडून घेते एवढंच तिच्यावरून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळू लागल्या. वस्ती गावठाणाबाहेर शेतात असेल, तर तुमचा पुरावा सातबाराच. त्यावर नाव नसेल किंवा जमीन शेतीचीच असेल तर बँक थांबते. जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२-ड चा आधार घेऊन ती बिगरशेती करता येत असे. जमीन बिगरशेती करण्याचा सध्या लागू असलेला नियम तहसीलदाराकडे विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या वस्तीचं नाव जातीवरून आहे. मुलांना दाखल्यावर ते लिहायला नको वाटतं. – एक वाचक, जि. लातूर

उत्तर : नाव बदलता येतं आणि बदलावंच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावंही सुचवली. ग्रामसभेत ठराव घ्या. नंतर नमुना ८, मतदार यादी, शाळेचं दफ्तर, अंगणवाडी, एसटी थांब्याची पाटी या प्रत्येक ठिकाणी ठरावाची प्रत जोडून वेगळा अर्ज द्या. एकदा ठराव झाला की सगळीकडे आपोआप बदल होईल, या भरवशावर राहिलेल्या वस्त्यांची नावं पाटीवर नवी आणि दाखल्यावर जुनीच आहेत.

प्रश्न : आमचा पाडा पेसा क्षेत्रात आहे. पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते का? – पाड्यातील युवक, जि. पालघर

उत्तर : होते. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनुसार पाडा किंवा पाड्यांचा समूह ‘गाव’ म्हणून घोषित होऊ शकतो. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. ठरावासोबत पाड्याच्या परंपरागत हद्दीचं वर्णन जोडा : कोणता ओढा, कोणती टेकडी, कोणती देवराई. शेजारच्या पाड्यांच्या जाणत्या माणसांना घेऊन ती हद्द पायी फिरा, साधा नकाशा काढा आणि त्यावर त्यांच्याही सह्या घ्या. दोन पाड्यांनी एकच टेकडी दाखवली की चौकशी थांबते.

घोषणा झाली म्हणजे वेगळी ग्रामपंचायत मिळाली, असं नाही. ग्रामसभा वेगळी, तिचा ग्रामकोष, म्हणजे निधीचं खातं, वेगळा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या रकमेतला ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी मिळतो. आपल्या पाड्याच्या लोकसंख्येप्रमाणे त्यातलं किती कोषात आलं, ते बँकेच्या पासबुकावर पाहा. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे लेखा गट ग्रामपंचायतीतलं छोटं गाव. २००९ मध्ये त्याच्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामपंचायत गटाचीच होती, निर्णय मात्र गावाच्या सभेत झाले.

प्रश्न : वस्तीची वाट शेजाऱ्याने काटे टाकून बंद केली. तक्रार ग्रामपंचायतीत करायची की तहसीलला? – एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. त्यावर एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी साधारण सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. सव्वाआठ म्हणजे जमीन मोजणीच्या ३३ फुटी साखळीचा पाव भाग.

रस्ता नमुना २३ मध्ये असेल तर अतिक्रमण काढायला ग्रामपंचायतीला सांगा. तो वहिवाटीचा असेल आणि अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करा. महसूल संहितेचं कलम १४३ मात्र शेताला बांधावरून वाट मिळवण्यासाठी आहे. वस्तीच्या रस्त्यासाठी त्याखाली केलेले अर्ज फेटाळले जातात. मामलेदार अधिनियमाच्या कलम ५ च्या दाव्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. काटे ज्या दिवशी पडले त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, दोन शेजाऱ्यांच्या सहीने पंचनामा लिहून ठेवा आणि तोंडी समजुतीच्या बैठका चालू असल्या तरी दावा मुदतीत दाखल करा.