वाचकांचे प्रश्न : क्ले शूटिंगसाठी परवडेल अशी सेमी-ऑटो

प्रश्न (डोंबिवलीहून एक वाचक) : कॉलेजपासून एअर रायफल करतोय, वरळीच्या रेंजला लोकलने जातो, आता ट्रॅप आणि स्कीटचं, म्हणजे हवेत उडवलेल्या क्ले (मातीच्या चकत्या) फोडायच्या खेळांचं, डोक्यात बसलंय. सगळे म्हणतात ओव्हर-अंडरच (एकावर एक दोन नळ्यांची) घे, पण चांगल्या इटालियन ओव्हर-अंडरची किंमत ऐकून गप्प बसलो. सेमी-ऑटो, म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी, त्या मानाने स्वस्त पडते म्हणे. ती स्पर्धेत चालते का, कुठली बघू आणि तिच्यात काय काय बदलून घेऊ? यूट्यूबवर लोक मोठा बोल्ट हँडल, लांब मॅगझिन ट्यूब वगैरे लावतात, ते सगळं लागतं का?

उत्तर : चालते. हे आधीच ठणकावून सांगतो कारण रेंजवर बरेच जण ठामपणे नाही म्हणतात आणि नवीन पोरं तिथेच खचतात. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात १२ बोअरपर्यंतची कुठलीही गुळगुळीत नळीची बंदूक चालते, सेमी-ऑटो धरून, फक्त पंप-ॲक्शन (दर वेळी हाताने मागे-पुढे ओढून भरायची) चालत नाही. त्यामुळे ऑर्डनन्स फॅक्टरीची पंप-ॲक्शन स्वस्तात मिळतेय म्हणून कोणी गळ घातली तर तिकडे वळू नका, तिच्यावर ट्रॅप किंवा स्कीटची स्पर्धा खेळता येणार नाही. सेमी-ऑटोला एक अट आहे, मॅगझिन (काडतुसं साठवायची नळी) असं ब्लॉक केलेलं पाहिजे की त्यात एका वेळी एकच काडतूस बसेल, म्हणजे एक चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून ते उडतं) आणि एक मॅगझिनमध्ये, बस्स.

आता यूट्यूबचं. तुम्ही बघताय ते बहुतेक थ्री-गन किंवा प्रॅक्टिकल शॉटगनचे व्हिडिओ, तिथे घड्याळ लावून धावत-पळत एकामागून एक बरीच काडतुसं उडवायची आणि मध्येच पटापट भरायची असतात, म्हणून ते लोडिंग पोर्ट रुंद करतात, ट्यूब लांब करतात, काडतूस वर उचलणारा लिफ्टर बदलतात. स्टोगर कंपनीची एम३के नावाची बंदूक तर फॅक्टरीतूनच तशी बनून येते. त्या खेळासाठी ते बरोबरच आहे. पण ट्रॅपला आपण दोन काडतुसं भरून उभे राहतो, स्कीटच्या डबलला (एकदम सुटणाऱ्या दोन क्लेंना) दोन, मग त्या सगळ्याचा उपयोग काय? तो पैसा वाचवा, पुढे सांगतो कुठे घालायचा.

त्याआधी परवाना, आणि हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडून देऊ नका. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक हत्यारांचं वर्गीकरण साध्या दुनाळीपेक्षा वेगळं आणि कडक आहे, साध्या १२ बोअरचा परवाना हातात आहे म्हणून सेमी-ऑटो घरी आणली असं होत नाही. नेमबाजांना सवलती आहेत, पण त्या तुमच्या दर्जावर अवलंबून असतात, तुम्ही ॲस्पायरिंग शूटर आहात की रिनाउन्ड शॉट, आणि तो दर्जा एनआरएआयच्या (राष्ट्रीय रायफल संघटनेच्या) स्पर्धांमध्ये ठरावीक स्कोअर केल्यावर मिळतो. तुम्ही डोंबिवलीत म्हणजे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, मुंबईत राहणाऱ्यांनी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जायचं. कुठली श्रेणी, कुठल्या दर्जावर, आणलेली बंदूक पुढे विकता येते का, हे सगळं तिथे आणि तुमच्या राज्य संघटनेत विचारून लेखी घ्या आणि मगच कोणाला ॲडव्हान्स द्या. आधी बंदूक ठरवली, पैसे गुंतवले आणि नंतर परवान्यात अडकलं की खूप मनस्ताप होतो. तोवर क्लबच्या बंदुकीवर कोचच्या देखरेखीखाली शिका, दिल्लीची डॉ. कर्णी सिंग रेंज, भोपाळची अकादमी, जयपूरची जगतपुरा, पटियालाचा गन क्लब अशा ठिकाणी क्लेची सोय आहे. मुंबईकराला त्यासाठी प्रवास पडतो हे खरंय, पण दोन वेगळ्या बंदुका खांद्याला लावून बघितल्याशिवाय कुठली घ्यायची ते कळणारच नाही.

आता बंदूक. सेमी-ऑटोत मुख्य दोन जाती. गॅसवाली, जिच्यात नळीतला थोडा गॅस भोकातून बाहेर घेऊन पिस्टन ढकलला जातो आणि रिकामं टरफल बाहेर पडून पुढचं काडतूस वर येतं. बेरेटाच्या ए३०० आणि ए४००, १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११००, या सगळ्या गॅसच्या. दुसरी इनर्शिया, म्हणजे बंदूक धक्क्याने मागे सरकते, बोल्टचा जड भाग जागेवर राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच सगळं काम करते. बेनेली, फ्रँकी अफिनिटी, स्टोगर एम३००० या त्या घरातल्या, पैकी स्टोगर तुर्कस्तानात बनते आणि म्हणून किमतीला हलकी. इनर्शियावाली स्वच्छ राहते, भाग कमी, पुसायला सोपी. गॅसवाली काजळी धरते पण खांद्याला धक्का मऊ लागतो, दिवसभरात शंभर-सव्वाशे काडतुसं उडवायची असली की संध्याकाळी तो फरक खांद्याला समजतो.

स्पर्धेसाठी माझं मत गॅसच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण काडतूस. आयएसएसएफमध्ये २४ ग्रॅमच्या वर छर्रे चालत नाहीत, हे हलकं काडतूस आहे. इनर्शियाच्या काही बंदुका, त्यातही लांब मॅग्नम काडतुसांसाठी बनवलेल्या, नव्या असताना २४ ग्रॅमवर अडखळतात, टरफल अर्धंच बाहेर येतं. तुम्ही त्यात आणखी वजन लावलंत, म्हणजे मॅगझिनच्या टोपीला धातूचा जड तुकडा वगैरे, तर बंदूक मागे कमी सरकते आणि अडचण वाढते, तिथे हलकी स्प्रिंग टाकून जुळवून घ्यावं लागतं. गॅसवाली हे वजन आरामात सहन करते. पॅरिसला २०२४ मध्ये मिश्र स्कीटचं ब्राँझ आपल्या महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांच्या हातून ४४-४३ असं गेलं, एका क्लेने! या खेळात एक क्ले एवढा महाग असतो, बंदूक अडकली तर नियमात सवलत असते पण ती मर्यादित, आणि लय जाते ती जातेच. म्हणून जी बंदूक घ्याल ती, जी काडतुसं तुम्हाला इथे खरोखर मिळणार आहेत त्यांच्यावरच तपासून घ्या, यूट्यूबवाल्याच्या काडतुसांवर ती कशी चालते याचा आपल्याला काही फायदा नाही.

जुनी मिळत असेल तर जरूर बघा पण उघडून बघा. फोरएंड (नळीखाली पुढचा हात धरतो तो भाग) काढा, लाकूड आतून तडकलंय का, गॅसचे रिंग झिजलेत का, नळीला कुठे फुगवटा आहे का (उजेडाकडे धरून आतून बघितलं की कडं दिसतं), चोक (नळीच्या तोंडाशी बसणारं, छर्रे किती पसरतील ते ठरवणारं नळकांडं) हाताने सुटतो का की गंजून बसलाय. रेमिंग्टन ११०० असेल तर नळीपाशी एक साधी रबरी ओ-रिंग असते, ती तुटली की बंदूक हलकं काडतूस फेकत नाही आणि मालक वैतागून बंदूकच विकायला काढतो. ती रिंग दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेवा.

आणि आता तो वाचवलेला पैसा. तो दस्त्यात, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या भागात, घाला. शॉटगनला मागची साइट नसते, तुमचा डोळा हीच मागची साइट, त्यामुळे गाल दस्त्यावर रोज त्याच जागी बसला नाही तर रोज वेगळ्या ठिकाणी मार लागणार, हे एअर रायफलवाल्याला पटायला वेळ लागतो कारण तिथे आपण साइटवर डोळा लावून बसतो. घरी करून बघा, बंदूक पूर्ण रिकामी, दोनदा तपासलेली, समोर कोणी नाही, डोळे मिटा, सहज खांद्याला लावा, डोळे उघडा. रिबवरचा (नळीवरच्या पट्टीवरचा) पुढचा मणी डोळ्यासमोर सरळ दिसला तर उत्तम, डावी-उजवीकडे गेला तर कास्ट (दस्त्याचा डावा-उजवा कल) चुकतोय, रिसिव्हरचा (नळीमागच्या, बोल्ट असतो त्या पेटीचा) मागचा भागच दिसतोय आणि मणी गायब तर गाल फार खाली जातोय. बहुतेक आधुनिक सेमी-ऑटोबरोबर शिम येतात, दस्ता आणि रिसिव्हरच्या मधे बसणाऱ्या पातळ चकत्या, त्यांनी दस्ता वर-खाली आणि डावा-उजवा दोन्ही करता येतो आणि याला वेगळा खर्च शून्य! लोक त्या डब्यातच ठेवून देतात, वाईट वाटतं. गाल उचलायचा असेल तर दस्त्यावर गाल टेकतो तिथे चिकटवायचा कोंब पॅड लावा. ओव्हर-अंडरचा दस्ता कापतात तसा सेमी-ऑटोचा बेधडक कापू नका, ११०० सारख्या काही बंदुकांत रिकॉइल स्प्रिंगची नळी दस्त्याच्या आतून जाते. लांबीसाठी मागच्या पॅडखाली स्पेसर मिळतात ते जवळ ठेवा, कारण इकडे टी-शर्टवर सराव केलेला माणूस थंडीत दिल्लीला स्पर्धेला जातो आणि स्वेटरवर जॅकेट घालतो तेव्हा तोच दस्ता लांब होऊन काखेत अडकतो, स्कीटला तर जास्तच कारण तिथे क्ले दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळ ठेवावा लागतो.

चोकबद्दल थोडक्यात. सेमी-ऑटोचा खरा तोटा इथे आहे, नळी एक म्हणून चोक एक. ओव्हर-अंडरवाला ट्रॅपला पहिल्या गोळीला थोडा मोकळा आणि दुसरीला घट्ट चोक ठेवतो, आपल्याला एकावर भागवायचंय. ट्रॅपला इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड, स्कीटला स्कीट चोक, एवढ्या दोनच नळकांड्या घ्या, अर्धा डझन घेऊन प्रत्येक हुकलेल्या क्लेनंतर बदलत बसू नका. मोठा कागद लावून ४० यार्डावर पॅटर्न बघा, ३० इंची वर्तुळात छर्रे कसे पसरतात आणि मुख्य म्हणजे मध्य कुठे येतो. ट्रॅपचा क्ले वर चढत असतो म्हणून मध्य थोडा वर आला तर चांगलंच. ट्रॅपला ३० इंची नळी, स्कीटला २८, दोन्ही खेळणार असाल तर ३० घ्या.

करू नका अशा दोन गोष्टी. ट्रिगर घरी किंवा ओळखीच्या फिटरकडे घासून हलका करू नका, ते परवानाधारक गनस्मिथचं काम आहे, घासलेला सिअर (चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग) धक्क्याने सुटला तर रेंजवर माणसं उभी असतात. आणि नळी कापायची नाही, आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे. लाल ठिपक्याची साइट, लेझर, भिंग यावरही पैसे घालू नका, आयएसएसएफमध्ये चालत नाही. एक छोटी वस्तू मात्र आवर्जून घ्या, शेल कॅचर. ट्रॅपला पाच जण रांगेत असतात आणि सेमी-ऑटोची गरम टरफलं शेजाऱ्याच्या अंगावर उडतात, त्याचं लक्ष मोडलं तर तुमच्या बंदुकीचं नाव खराब होतं. तसंच ओव्हर-अंडर बिजागरीवर उघडून हातात धरली की रिकामी आहे हे लांबून दिसतं, सेमी-ऑटोचं दिसत नाही, म्हणून रेंजवर नेम धरायच्या जागेवरून हललात की बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग.

प्रश्न (मुलुंडहून एक वाचक) : मी डावखुरी आहे, क्लबच्या सेमी-ऑटोवर टरफल डोळ्यांसमोरून जातं आणि दचकायला होतं. सवय होईल का?

उत्तर : टरफलाची सवय होते, पण गॅसची बारीक काजळी चेहऱ्याकडे येते तिची होत नाही, चष्मा तर तुम्ही लावतच असाल, तो बाजूंनी झाकणारा घ्या. डाव्या हाताची बंदूक काही कंपन्या बनवतात, पण आपल्याकडे जुन्यात ती सापडणं कठीण, म्हणून तुमच्या बाबतीत मी सेमी-ऑटोचा हट्ट धरणार नाही. साधी जुनी ओव्हर-अंडर मिळाली तर तिचा कास्ट डाव्या बाजूला वळवून घ्या. त्याआधी एक बघा, तुमचा प्रबळ डोळा खरंच डावा आहे ना? हात लांब करून अंगठ्याने समोरचा दिवा झाका, एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने अंगठा दिव्यावरच राहतो तो प्रबळ. उजवा निघाला तर कोचशी बोलून आत्ताच खांदा बदलायचा विचार करा, सुरुवातीलाच सोपं जातं ताई, नंतर फार जड होतं.

प्रश्न (वसईहून एक वाचक) : घर खाडीजवळ आहे. पावसाळ्यात बंदुकीला दर आठवड्याला गंजाचे ठिपके येतात. काय करू?

उत्तर : पहिलं, प्रवासाच्या फोमच्या केसमधून बंदूक बाहेर काढा. फोम आणि चामडं दोन्ही ओल धरतात आणि खारी हवा आतच कोंडते. कुलपाच्या कपाटात उभी ठेवा, सिलिका जेलच्या पिशव्या टाका, त्या रंग बदलल्या की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये हलक्या आचेवर सुकवून परत वापरा. हाताळून झालं की घामाचे हात लागलेली प्रत्येक जागा तेलाच्या फडक्याने पुसा, रिबच्या खालची फट विसरू नका, गंज तिथून सुरू होतो. चोक काढून आटे पुसा आणि थोडं ग्रीस लावून परत बसवा, चोक न लावता बंदूक कधी चालवू नका, आटे खराब होतात. गॅसची बंदूक असेल तर पिस्टनवर तेल थापू नका, तेलात काजळी मिसळून चिकट गोळा होतो, तिथे पुसून जवळजवळ कोरडंच ठेवायचं. नवीन घेणार असाल तर आपल्या किनाऱ्यावर सिंथेटिक दस्ता घ्या, लाकूड दिसतं सुंदर पण जून ते सप्टेंबर ओल पिऊन फुगतं. काडतुसं हवाबंद डब्यात, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा, आणि पावसाळा संपल्यावर पहिल्या सरावाला जुन्या खोक्यातली आधी संपवा.