स्कॉटिश सोप्रानोच्या पहिल्या अल्बममधील वैविध्य कसे ऐकावे?

एखाद्या स्कॉटिश सोप्रानोने (सर्वांत उंच पट्टीच्या स्त्री-आवाजाच्या गायिकेने) पहिल्याच अल्बममध्ये ऑपेरातील अरिया (एकल गीते), स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची गाणी, म्युझिकलमधली (आधुनिक पाश्चात्त्य संगीत नाटकांतली) गीते आणि एखादे प्रार्थनागीत असे सगळे एकत्र घेतले, तर तिला शास्त्रीय गायिका म्हणून गांभीर्याने घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते गानप्रकार किती आहेत यावरून काहीच ठरत नाही. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना तिचे गाणे बदलते की नाही, हे पाहावे. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत आणि अभंग एकाच बैठकीत ऐकत आलेल्या आपल्या श्रोत्यांना हा निकष परका वाटू नये.

स्कॉटलंडमध्ये शास्त्रीय आणि लोकसंगीताचा हा शेजार फार जुना आहे. एडिंबरोचे गीतसंग्राहक जॉर्ज थॉमसन यांनी स्कॉटिश लोकधुना हायडन आणि बेथोव्हेन या थोर संगीतकारांकडे पाठवून त्यांच्याकडून साथसंगत लिहवून घेतली. बेथोव्हेनच्या ऑपस 108 या संग्रहात अशी 25 स्कॉटिश गाणी असून त्यांना व्हायोलिन, चेलो आणि पियानोची साथ आहे. त्यामुळे बर्न्सचे गीत गाणारी सोप्रानो शास्त्रीय परंपरा सोडून खाली उतरते, असे समजण्याचे कारण नाही.

या संदर्भात मेरी गार्डन हिचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 1874 मध्ये ॲबरडीन येथे जन्मलेली ही गायिका लहानपणीच अमेरिकेत गेली, पुढे पॅरिसला शिकली, आणि 1900 च्या एप्रिलमध्ये फ्रेंच संगीतकार शार्पांतिए यांच्या ‘लुईझ’ या ऑपेराची मुख्य गायिका प्रयोग चालू असतानाच आजारी पडल्याने, तिसऱ्या अंकापासून ती भूमिका तिने गायली. त्या अंकाच्या आरंभीच ‘दपुई ल जूर’ ही अवघड अरिया येते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संध्याकाळचे धाडस कळते. 1902 मध्ये फ्रेंच संगीतकार देब्यूसी यांच्या ‘पेलेआस ए मेलिझांद’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात तिने नायिका मेलिझांद साकारली, आणि 1904 मध्ये स्वतः देब्यूसी पियानोवर असताना तिने चार ध्वनिमुद्रणे केली. याच गायिकेने पुढे ‘कमिन थ्रू द राय’सारखी स्कॉटिश गाणीही तबकड्यांवर गायली. त्या काळी आजच्या अर्थाने अल्बम नव्हता, एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावत असे. तरीही तिच्या तबकड्या एकत्र ठेवल्या तर आपण वर्णन केलेलेच वैविध्य समोर येते.

आता प्रत्यक्ष ऐकताना काय पाहावे? स्कॉटिश गाण्यात ‘स्कॉच स्नॅप’ नावाची एक लय असते: मात्रेवर आखूड स्वर आणि लगेच त्यामागून लांब स्वर. ‘कमिन थ्रू द राय’मधील ‘बॉडी’ या शब्दावर ती नेमकी ऐकू येते. ‘बॉ’ चटकन तुटतो आणि ‘डी’ वर आवाज टेकतो. ऑपेराच्या तालमीत मुरलेला गळा सलग, भरीव सुरांकडे झुकतो, आणि ती उडी सपाट करून टाकतो. असे झाले की गाणे सुरेल असूनही निर्जीव वाटते. जिथे ती उडी शाबूत आहे, सुरातला कंप आटोपशीर आहे आणि शब्द बोलल्यासारखे स्पष्ट आहेत, तिथे गायिकेने त्या प्रकाराचा मान राखला असे मी निःशंकपणे म्हणेन.

मायक्रोफोनचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. ऑपेराचा आवाज वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत विनामायक्रोफोन पोहोचण्यासाठी घडवलेला असतो, तर म्युझिकलमधले आजचे गाणे मायक्रोफोन जवळ आहे हे गृहीत धरून गायले जाते. संपूर्ण अल्बमवर एकाच प्रकारची प्रतिध्वनीची झूल चढवली, प्रत्येक गाण्यामागे तंतुवाद्यांची तीच जाड साय पसरली, की सगळे प्रकार एकसारखे ऐकू येऊ लागतात. अशा अल्बमचा दोष निवडीत नसून निर्मितीत असतो, आणि तो बहुधा गायिकेच्या हातातही नसतो. प्रार्थनागीताबद्दल फार लिहीत नाही. ते साधेपणाने गायले असेल तर पुरेसे आहे.

आपण अल्बम क्रमाने न ऐकता आधी केवळ पियानोच्या साथीचे बर्न्सचे एखादे गाणे लावावे आणि लगेच त्यानंतर अरिया ऐकावी. अरियात उंच स्वर हळुवार असतानाही कसदार राहिला, आणि बर्न्सच्या गाण्यात तोच गळा ओळखू येऊनही हलका झाला, तर उरलेली गाणी विश्वासाने ऐकावीत.